'वाचलंस का?' न विचारण्याबद्दल

पंधरा वर्षांच्या मुलाला पुस्तक भेट देणारा मोठा माणूस नेमकं काय देत असतो? पुस्तक तर देतोच. पण बहुतेक वेळा त्याच्यासोबत एक काम देतो, थोडी काळजी देतो आणि 'आहेस त्यापेक्षा जरा वेगळा हो' असा निरोपही देतो. शर्ट भेट दिला तर तो अंगाला बसला का, एवढंच विचारलं जातं. पुस्तक दिलं की दोन आठवड्यांनी फोन येतो : "वाचलंस का?"

भेट मिळालेलं पुस्तक वाचणं हे घेणाऱ्याचं कर्तव्य आहे का, एवढाच प्रश्न मला या लेखात तपासायचा आहे. प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपल्या माणसाच्या मनात काय जावं हे ठरवण्याचा आपल्याला किती हक्क आहे, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. आणि तेरा ते अठरा या वयात तो जितका टोचतो, तितका आधी किंवा नंतर कधीच टोचत नाही.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो मुलांमुळे. आमच्या उपनगरातल्या वाचनालयात आम्ही तिघं दर शनिवारी संध्याकाळी किशोरवयीन मुलांचा एक गट चालवतो. वाचनालय छोटं, 'ब' वर्गातलं. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त काकांची कायमची वस्ती, मागच्या खोलीत आम्ही. गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीसाठी पुस्तकांचा सिक्रेट सँटा करायचं ठरलं. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी पुस्तक आणायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायचं, खर्च शंभर रुपयांच्या आत, जुनं पुस्तकही चालेल. हे नियम आमचे. शेवटचा नियम मुलांनी घातला आणि तो एकमताने पास झाला : दिल्यावर 'वाचलंस का?' असं विचारायचं नाही. कधीच नाही.

आम्हा मोठ्यांना ते जरा लागलंच. आमच्यातला एकजण म्हणाला, "मग द्यायचं कशाला?" त्यावर दहावीतली एक मुलगी अगदी सहज म्हणाली, "दादा, दिलंय ना? मग ते तिचं झालं. तुमचं काय त्यात?"

तिच्या बोलण्याकडे उद्धटपणा म्हणून दुर्लक्ष करता आलं असतं. पण मला वाटतं, भेट या गोष्टीबद्दल ती जे म्हणत होती ते आपण समजतो त्यापेक्षा बरंच नेमकं आहे.

*

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा भेटवस्तूंवरचा निबंध १९२५मध्ये प्रसिद्ध झाला. पॅसिफिक बेटांवरच्या आणि वायव्य अमेरिकेतल्या समाजांमधल्या देवाणघेवाणीचा अभ्यास करून त्याने दाखवून दिलं की, भेट वरवर कितीही स्वेच्छेची दिसली तरी तिच्याभोवती तीन बंधनं असतात. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परतफेड करावी लागते. हे समजायला पॅसिफिकला जायची गरज नाही. आपल्याकडे लग्नातल्या आहेराची वही असते. कुणी किती पाकीट दिलं ते तिच्यात लिहिलेलं असतं आणि पुढच्या लग्नाला ती वही उघडली जाते.

आता किशोरवयीन मुलांचा विचार करा. त्यांच्याकडे पैसे नसतात. आत्याने दिलेल्या चारशे रुपयांच्या पुस्तकाची परतफेड चारशेच्या वस्तूने करणं त्यांना शक्य नसतं आणि आत्याची तशी अपेक्षाही नसते. मग परतफेड कशात होते? वाचण्यात. वाचून 'आवडलं' म्हणण्यात. जमल्यास थोडं सुधारण्यात. 'वाचलंस का?' ही त्या हप्त्याची आठवण असते. आत्याच्या मनात असं काहीच नसेल, तिला खरोखर गप्पाच मारायच्या असतील. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ती वसुलीच वाटते. आमच्या गटातला एक मुलगा असे फोन आले की पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर मोबाइलवर शोधून वाचून दाखवतो. त्याला खोटं बोलायची हौस नाही. न वाचलेलं पुस्तक आणि दुखावलेली मावशी यांच्यातून वाट काढायचा त्याला सापडलेला हा मार्ग आहे.

देणाऱ्याचा हेतू जितका चांगला, तितकं हे अवघड होत जातं. वाईट हेतूने दिलेली गोष्ट नाकारता येते. 'तुझ्या भल्यासाठी' दिलेली गोष्ट नाकारली की आपण आपलं भलंच नाकारतोय असं होतं. यशाची सूत्रं सांगणारी, वेळेचं नियोजन शिकवणारी, महापुरुषांच्या बालपणातून बोध काढणारी पुस्तकं याच वयाच्या वाट्याला सर्वांत जास्त येतात. चाळीस वर्षांच्या माणसाला वाढदिवसाला 'आळस कसा घालवावा' असं पुस्तक देऊन बघा. तो अपमान समजेल, आणि ते बरोबरच असेल. पंधरा वर्षांच्या मुलाने मात्र 'थँक यू काका' म्हणायचं असतं.

*

या सगळ्यापुढे वाचनालय ही किती अजब व्यवस्था आहे याचा विचार मी हल्ली करते. तिथे परतफेडीचं बंधन अगदी कडक आहे. तारखेचा शिक्का असतो, उशीर झाला तर दंड असतो. पण परत करायचं ते पुस्तक. टेबलामागच्या बाई पुस्तक परत घेताना पानं सुटली नाहीत ना ते बघतात. शेवटपर्यंत वाचलंत का, असं विचारत नाहीत. पुस्तक परत गेलं की हिशेब संपला. वाचलं असेल, नसेल, निम्म्यात कंटाळा आला असेल, शेवटचं पान आधी वाचलं असेल, ते सगळं आपलं आपल्यापाशी. ऋण वस्तूवर राहतं, वाचनावर राहत नाही.

एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर त्यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, जी आजही जगभर शिकवली जातात. वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, तसा पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा, असा त्यातल्या दोन सूत्रांचा आशय आहे. मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. त्या पाचांत कुठेही वाचकाला सुधारण्याची भाषा नाही. जोडी जुळवणं हे ग्रंथपालाचं काम. पुढे त्या दोघांत काय होतं, ते त्या दोघांनी बघायचं.

मराठी घरांना ही गोष्ट दुसऱ्या एका वाटेने माहीत आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीत घराघरांत अंक येऊन पडू लागले. 'पडू लागले' हेच महत्त्वाचं. दिवाळी अंक कुणा एकाला दिलेला नसतो. तो कॉटवर, टीव्हीपाशी, फराळाच्या डब्याशेजारी पडलेला असतो. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतून आलेला असेल तर चार दिवसांनी बदलायचाही असतो. कित्येकांनी पहिली मोठ्यांची कथा अशाच अंकात वाचली असेल, कारण ती 'वाच' म्हणून कुणी हातात दिली नव्हती. आपल्या नावाने न आलेली गोष्ट वाचण्यात एक चोरटं सुख असतं. भेट म्हणून आलेल्या पुस्तकावर मात्र पहिल्याच पानावर आपलं नाव असतं, खाली 'भरपूर यश मिळव' असा आशीर्वाद असतो आणि सही असते.

*

इथे एक उपप्रश्न आहे, आणि तो वाचनालयात काम केल्याशिवाय कळत नाही. सगळ्या भेटी काळजीतून येत नाहीत. काही जागा रिकामी करण्यातूनही येतात. दिवाळीच्या साफसफाईनंतर आणि पुन्हा डिसेंबरअखेर आमच्याकडे खोकी येतात. 'गरजू मुलांसाठी' असं वर लिहिलेलं असतं. आत रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, दहा वर्षांपूर्वीच्या प्रवेशपरीक्षांचे प्रश्नसंच, अशा संगणकप्रणाल्यांची पुस्तकं जी आता कुठल्याच संगणकावर चालत नाहीत, आणि ओल लागून चिकटलेल्या कादंबऱ्या. आणून देणारे गृहस्थ फोटो काढतात. वाचनालयाने 'नको' म्हणायचं नसतं. मॉसने सांगितलेलं घेण्याचं बंधन इथे शब्दशः लागू पडतं. मग ती खोकी जिन्याखाली राहतात आणि वर्षाने रद्दीत जातात. रद्दीवाल्याला आणून द्यायची गोष्ट त्या गृहस्थांनी आमच्या हाताने रद्दीवाल्याला दिलेली असते, आणि मध्ये पुण्य स्वतःकडे ठेवलेलं असतं.

मुलांना उपदेशाची पुस्तकं देणारी आत्या आणि हे गृहस्थ एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. आत्याने पैसे खर्च केलेत, विचार केलाय. पण दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघांच्याही डोळ्यांपुढे एक कल्पनेतला मुलगा आहे. एकाला तो 'गरजू' दिसतो, दुसरीला 'वाया जाऊ शकेल असा'. प्रत्यक्ष समोर असलेल्या मुलाला काय आवडतं, हे दोघांनीही विचारलेलं नाही.

*

आता दुसरी बाजू, कारण ती भक्कम आहे.

मुलांना नुसतं मोकळं सोडलं तर ती वाचतील का? त्यांच्या हातात फोन आहे. (तुमच्याही हातात आहे, हा लेख तुम्ही बहुधा त्यावरच वाचताय.) फोनही सतत काहीतरी देतच असतो. तो 'वाचलंस का?' विचारत नाही, कारण तुम्ही किती सेकंद थांबलात हे त्याला न विचारता कळतं. म्हणजे मोठ्यांनी हात मागे घेतला की मुलं स्वतंत्र होतात, असं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात पुढे येतो, आणि त्याला त्या मुलाबद्दल आत्याइतकीही माया नसते.

शिवाय आपल्याला काय आवडेल हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, हेही खरं नाही. चेहऱ्यावर नाराजी घेऊन उघडलेलं पुस्तक आयुष्यभर सोबत राहिलं, असं सांगणारी माणसं तुम्हालाही भेटली असतील. न मागितलेलं देणं हे भेटीचं सामर्थ्यच आहे. मागितलेलंच द्यायचं तर ऑनलाइन ऑर्डर आणि भेट यांत फरक काय उरला?

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९मध्ये 'ऑन लिबर्टी'त माणसाच्या भल्यासाठीही त्याच्यावर जबरदस्ती करू नये अशी भूमिका मांडली, पण मुलांना त्यातून स्पष्टपणे वगळलं. सात वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक आपण निवडतो, त्यात काही गैर नाही. सत्तावीस वर्षांच्या बाईसाठी तिच्या भल्याचं म्हणून निवडलं तर ते आगाऊपणाचं. पंधराव्या वर्षी काय? मिलची रेघ याच वयावरून जाते, आणि रेघेवर उभ्या असलेल्याला दोन्हीकडून ओढाताण सोसावी लागते.

मला यातून जो मार्ग दिसतो तो असा. देणं आणि विचारणं या दोन वेगळ्या कृती आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. न मागितलेलं पुस्तक जरूर द्यावं, आपल्या आवडीचं द्यावं, मुलाला आज परकं वाटेल असंही द्यावं. देण्यात आग्रह असायला हरकत नाही. दिल्यानंतर मात्र आग्रह संपला पाहिजे. निवड माझी आणि वाचन तुझं, अशी वाटणी केली तर आत्याची मायाही शिल्लक राहते आणि मुलाचं मनही त्याचं राहतं. दानियल पेनाक हा फ्रेंच लेखक बरीच वर्षं शाळेत शिकवत होता. १९९२च्या एका पुस्तकात त्याने वाचकाचे दहा हक्क दिले आणि त्यात पहिला मान न वाचण्याच्या हक्काला दिला. वाचनाचा शत्रू असं लिहिणार नाही. वर्गात बसलेल्या, सक्तीने वाचून वाचनाला विटलेल्या मुलांना परत आणण्यासाठी धडपडणारा शिक्षकच असं लिहू शकतो.

*

देऊन मागे सरकणं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सर्वांत गंभीर उदाहरण एका कोऱ्या वहीचं आहे. १२ जून १९४२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये अ‍ॅन फ्रँकला तेराव्या वाढदिवसाची भेट म्हणून चौकड्यांच्या कापडी बांधणीची वही मिळाली. ती तिने स्वतःच आधी पसंत केली होती. महिनाही उलटला नाही तोच कुटुंबाला लपावं लागलं. पुढची दोन वर्षं आठ माणसं त्या लपलेल्या खोल्यांमध्ये राहिली, जिथे एकांत हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट होती. त्या काळात अ‍ॅन आपली डायरी रात्री वडिलांच्या बॅगेत ठेवायची आणि ती बॅग त्यांच्या पलंगाशेजारी असायची. ऑटो फ्रँक यांनी नंतर सांगितलं की, आत बघणार नाही असं वचन त्यांनी तिला दिलं होतं आणि ते पाळलं.

युद्धानंतर कुटुंबातले ते एकटेच परत आले. तेव्हा कुठे त्यांनी ती वाचली आणि ते म्हणाले की, ही मुलगी त्यांना अशी माहीतच नव्हती. बहुतेक आईवडील आपल्या मुलांना खऱ्या अर्थाने ओळखत नाहीत. मला या वाक्यात पश्चात्ताप ऐकू येत नाही. हाताच्या अंतरावर असलेली वही न उघडणाऱ्या बापामुळेच त्या मुलीला कुणाला न दाखवता विचार करता आला. त्या घरात तिच्यासाठी बंद करता येईल असं दार नव्हतं. ते त्यांनी न बघून दिलं.

*

सोशल मीडियावर दर डिसेंबरात आइसलँडचे फोटो फिरतात. तिथे नाताळाआधी पुस्तकांचा पूर येतो; त्या लोटाला त्यांच्या भाषेत 'योलाबोकाफ्लोद' असं नावच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात आटली, कागद मात्र मिळत होता, आणि पुस्तक ही द्यायला परवडणारी भेट ठरली. १९४४पासून नव्या पुस्तकांची यादी छापली जाऊ लागली आणि कित्येक वर्षं ती घरोघर मोफत पोचत राहिली. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी उघडतात. फोटोत मेणबत्ती, लोकरी मोजे आणि पुस्तक दिसतं, आणि आपण खाली लिहितो, 'आपल्याकडे असं का नाही?'

पुस्तकं आपल्याकडेही कमी नाहीत. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांहून जास्त आहेत. फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे ती मोकळी संध्याकाळ, जी घरातल्या सगळ्यांनाच मिळालेली असते. आमच्या गटातल्या दहावीच्या मुलांचं डिसेंबरचं वेळापत्रक मला पाठ आहे. सकाळी शाळा, दुपारी क्लास, जानेवारीत पूर्वपरीक्षा, नाताळच्या सुट्टीत क्लासची 'क्रॅश बॅच'. अशा मुलाला पुस्तक देणं म्हणजे वेळापत्रकात आणखी एक विषय घालणं. मग ते न वाचल्याबद्दल बोलायचं. पुस्तक देणाऱ्याने वाचायचा वेळ दिलेला नसतो, उलट तो ज्यांनी घेतला त्यांत बऱ्याचदा तोच असतो. हा मला 'वाचलंस का?' या प्रश्नातला खरा अन्याय वाटतो.

*

तर या थंडीत काय द्यावं? मुलांशी बोलून जी यादी झाली ती सांगते. तुम्हीच त्या वयाचे असाल तर ती घरातल्या मोठ्यांना पाठवा.

आपण स्वतः वाचलेलं, आपल्या हातांनी जुनं झालेलं पुस्तक द्या. आमच्या सिक्रेट सँटात सर्वांत जास्त हेवा वाटला तो भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'च्या एका खिळखिळ्या प्रतीचा. तिच्यावर देणाऱ्या मुलाच्या बाबांनी लहानपणी पेनाने मिशा काढल्या होत्या. आपण वाचलेलं पुस्तक दिलं की 'तू असा हो' हा निरोप गळतो आणि 'मला हे असं वाटलं होतं' एवढाच उरतो.

कोरी वही द्या आणि ती कधीही उघडू नका.

वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरा आणि कार्ड मुलाच्या हातात द्या. पुस्तकं कोणती आणतोय ते बघू नका. पैसे द्यायचे नसतील तर 'बालभारती'चं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, आणि आईबाबांच्या जन्मवर्षाचा अंक शोधणं हा सुट्टीतला चांगला उद्योग आहे.

सहलीला जाणार असाल तर पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार बघा. स्ट्रॉबेरीचं हे गाव २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत कपाटं आहेत, आत जाऊन बसायचं, वाचायचं, उठायचं. कुणी नाव विचारत नाही. डिसेंबरात तिथे कडाक्याची थंडी असते, स्वेटर घेऊन जा.

आणि सर्वांत महाग भेट : एक पूर्ण रिकामी दुपार. क्लास नाही, पाहुणे नाहीत, 'काय करतोयस?' नाही. त्या दुपारी त्याने तुम्ही दिलेलं पुस्तक वाचलं तर छान. तो तंगड्या पसरून झोपला, छताकडे बघत बसला, मित्राकडे गेला, तरी दुपार वाया गेली असं समजू नका. ती त्याला दिलेली होती. पुस्तक टेबलावर राहू द्या. पुस्तकं नासत नाहीत, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी उघडलेलं पुस्तक उशिरा उघडलं म्हणून त्याला दंड लावणारं वाचनालय अजून कुणी काढलेलं नाही.